घाटापर्यंतची पिवळी पट्टी

६ जानेवारी
तळ्याभोवतीच्या रस्त्याचं काम निम्म्यावर आलं. सहा फूट पायी चालणाऱ्यांना, सहा फूट सायकलला. आज त्याच्यावरूनच बोंबाबोंब. सकाळी सायकल ग्रुपचे लोक हेल्मेट घालून हजर. म्हणे आमच्या बाजूला त्या पिवळ्या फरश्या नको, चाक खडखडतं. ते गेले न गेले तोच मॉर्निंग वॉकवाले काका लोक. म्हणे आमच्या बाजूलाही नको, ठेच लागते. मंग टाकू कुठं, डोक्यावर? शेवटी आमच्या कंत्राटदार शेठनं फोनवरच निकाल दिला, पाण्याच्या कडेला सरकव. सरकवल्या.

फरश्या अंधांसाठी आहेत एवढं नकाशात वाचता येतं. दोन जाती. एकीवर लांब रेघा, दुसरीवर गोल ठिपके. रहीम मिस्त्री एकीला पट्टी म्हणतो, दुसरीला बटन. कुठली कुठं बसवायची ते कोपऱ्यात बारीक इंग्रजीत होतं, झेरॉक्समधी गेलं. ओरिजिनल मागितला तर पालिकेचे साहेब म्हणाले, दत्ता, फरशी आहे ती, बसव.

९ जानेवारी
उद्घाटन १८ ला ठरलं. पालिकेचे इंजिनियर साहेब दोन तास साइटवर. घाटापाशी रस्ता डावीकडं वळतो, पट्टीही वळवायची होती. साहेब थांबले, मान तिरकी करून बघितलं. म्हणाले, वळवू नको. सरळ घाटाच्या पहिल्या पायरीला टेकव. पाहुणे पट्टीवरून चालत येतील, तिथंच जलपूजन, फोटो भारी येईल. वळणाच्या पुढून पट्टी परत चालू कर.

मी म्हटलं, नकाशात वळण आहे साहेब. म्हणाले, नकाशा मी पास केलाय का तू? रहीमला सरळ घे म्हटलं.

बटनवाल्या फरश्या बसवायच्या राह्यल्या होत्या, आल्याही कमीच. मला सुचलं, कोनशिलेभोवती गोल लावू, झेंडूच्या माळेसारख्या दिसतील. रहीमनं अर्ध्या दिवसात बसवल्या. एक नंबर दिसून राह्यलं. साहेबांनी पाठीवर हात ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१२ जानेवारी
घरी आलो तर अण्णा आणि रेखाचं वाजलेलं. अण्णांनी पाण्याचा तांब्या भिंतीवर मारला. रेखा म्हणाली, अहो, मी माणूस आहे, दिवसभर किती ऐकू.

तिचंही बरोबर. अण्णांचंही बरोबर. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, हसनाबादहून इथं आणून दोन वर्षं झाली. ज्या माणसानं उभा जन्म रानात काढला तो आता हॉल ते संडास, संडास ते गॅलरी. गॅलरीत बसून शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजतात. आज मला म्हणाले, “बैलालासुद्धा दावं सोडून पाण्यावर नेतात रे.”

जेवलो न्हाई नीट. वडलांना आपण कोंडून ठेवलंय हे मला रोजच दिसतं. रोज मी बूट काढून टीव्ही लावतो.

१८ जानेवारी
झालं एकदाचं उद्घाटन. पाहुणे पट्टीवरून सरळ घाटावर. हार, नारळ, पाण्यात फुलं. फोटो. भाषणात “दिव्यांग बांधवांसाठी विशेष मार्गिका” असं दोनदा आलं. टाळ्या. मीही वाजवल्या. पाय सुजलेत.

१९ जानेवारी
आज अण्णांना तळ्यावर घेऊन गेलो. रेखानंच सुचवलं. म्हणाली, तुम्ही आंधळ्यांसाठी रस्ता करता आणि घरातला आंधळा गॅलरीत.

चपला काढा म्हटलं. त्यांनी तळवा रेघांवर ठेवला, पुढं मागं घासला. दोन पावलं टाकली. मंग चार. काठी मला दिली. आणि चालायला लागले की हो! मी मागं मागं. पाठ ताठ, हनुवटी वर, जसे बांधावरून चालायचे तसे. मला बघवेना, रडू आलं. माझ्या हातून आयुष्यात एक काम धड झालं असं वाटलं.

पूर्ण चक्कर मारली. घाटापाशी मात्र मी त्यांचा दंड धरला, वळवलं. म्हणाले, काय रे? म्हटलं, वळण आहे.

घरी येऊन अण्णांनी रेखाला स्वतःहून चहा मागितला आणि चांगला झाला म्हणाले. ती माझ्याकडं बघतच राह्यली.

२३ जानेवारी
रोज सातला अण्णांना गेटपाशी सोडतो, साडेआठला घ्यायला जातो. गेट ते तिसरा बाक, एवढंच जा-ये करतात. पुढं एकटं जाऊ नका म्हणून ताकीद दिलीय. त्यांना एक दोस्त मिळाला. शेषराव, पंचेचाळीसच्या आसपास, जाफराबादकडचा, जन्मापासून आंधळा. एसटी स्टँडवर कंगवे-रुमाल विकतो. आवाज खणखणीत. अण्णांशी कापूस-सोयाबीनवर असा बोलतो जणू काल रान बघून आला.

आज घ्यायला गेलो तर दोघं बाकावर. अण्णा म्हणाले, हा माझा दत्ता, यानंच बांधलाय रस्ता. शेषरावनं माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, दत्ताभाऊ, आमच्या शाळेत शिकवलं होतं, रेघ म्हणजे चाल, ठिपका म्हणजे थांब. आयुष्यात पहिल्यांदा खरंखुरं पायाखाली आलं. मंग विचारलं,

“सगळ्या चकराला बराबर लावलंय ना? जिथं धोका, तिथं ठिपका?”

मला तोवर माहीतच नव्हतं ठिपका म्हणजे काय ते. शपथ. डोक्यात कोनशिला आली. घाट आला. अण्णा माझ्या बाजूला तोंड करून बसलेले, चेहऱ्यावर असा अभिमान की...

मी म्हटलं, हो. सगळं बराबर आहे.

२४ जानेवारी
सकाळी साइटवर एकटाच गेलो. घाटाच्या अलीकडं वीस पावलांवर उभा राह्यलो, डोळे मिटले, पट्टीवर चाललो. सोळाव्या पावलाला डोळे उघडले, हिंमत झाली न्हाई. पुढं चार पावलांवर पायरी. रेघा सरळ पायरीत. कठड्याला तिथंच तोंड. पाणी उतरलेलं, खाली शेवाळ आणि उघडे दगड. चौदा पायऱ्या.

आपण काय करून ठेवलं हे. आंधळ्या माणसाला हाताला धरून विहिरीपाशी आणून सोडावं तसं. आणि वर विचारलं तर बराबर आहे म्हणून सांगितलं. खरं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. अण्णांसमोर मान खाली जाईल म्हणून न्हाई सांगितलं. दुसरं काही कारण न्हाई.

२५ जानेवारी
शेठला सांगितलं. म्हटलं, कोनशिलेभोवतीची बटनं काढून घाटावर लावू, एका दिवसाचं काम. शेठ म्हणाला, “कोनशिलेला हात लावायचा न्हाई. पाहुण्यांचं नाव आहे त्याच्यावर. बिल निघू दे, मंग बघू.” नवीन मागवा म्हटलं. मागवतो म्हणाला. म्हणजे न्हाई मागवणार.

साहेबांना फोन केला. म्हणाले, पुढच्या आठवड्यात बोलू, मिटिंगमधी आहे.

दुपारी घाटाच्या तोंडाला दोन बांबू आडवे बांधले.

२७ जानेवारी
बांबू गायब. निर्माल्य टाकायला येणाऱ्या बायांना आडवे येत होते म्हणे. पेव्हर ब्लॉकचा ढीग रचला. संध्याकाळपर्यंत सायकल ग्रुपनं बाजूला सारला, पाण्यासोबत फोटो काढायला जागा पाहिजे. वॉचमनला विचारलं तर तो हसला.

अण्णांना म्हटलं, घाटाकडं काम चालू आहे, तुम्ही तिकडं जाऊच नका. बरं म्हणाले. शेषरावलाही सांगा, असं म्हणायला तोंड उघडलं. मंग वाटलं, त्याला सांगितलं तर तो कशाचं काम म्हणून विचारील, तो खोदून विचारणारा माणूस आहे. स्वतःच सांगू त्याला, एकटा गाठून.

३० जानेवारी
शेषराव दोन दिवस आला न्हाई. जाफराबादला गेल्ता, बहिणीकडं. फरश्यांचं काही न्हाई. साहेब फोन उचलत न्हाईत. मी रोज ठरवतो, उद्या स्वतःच रहीमला घेऊन उखडतो. नोकरी गेली तर गेली. मंग घरी येतो, पोरीचा अभ्यास, अण्णांच्या गोळ्या, आणि वाटतं, चार दिवसांनी काय बिघडतं.

२ फेब्रुवारी
शेषराव घाटावरून पडला. सकाळी, सव्वासातच्या सुमाराला.

वॉचमनचा फोन आला तेव्हा मी अण्णांना गेटवर सोडून टपरीवर चहा पीत होतो. पळत गेलो. लोक गोळा झालेले. तो खाली दगडांत, एक पाय पाण्यात. डोक्यातून रक्त. कंगव्यांची पिशवी खांद्यालाच. श्वास चालू होता. मी आणि एका सायकलवाल्यानं उचलून रिक्षात घातलं. रिक्षात तो काहीतरी पुटपुटत होता, कळलं न्हाई, आणि मी कान जवळ नेला न्हाई. भीती वाटली.

सरकारी दवाखान्यातून लगेच संभाजीनगरला पाठवलं. बायको कांताबाई सोबत गेली. तिला एका डोळ्यानं अंधुक दिसतं.

अण्णा बाकावर बसूनच होते, दोन तास. कुणीच त्यांना काही सांगितलं न्हाई. मी गेलो तर म्हणाले, कोण पडलं रे? मी सांगितलं. त्यांनी काठी मागितली आणि उठले.

३ फेब्रुवारी
सकाळी सहाला शेठचा फोन. आता मात्र कोनशिलेला हात लावायला परवानगी! आठच्या आत झालं पाहिजे, म्हणाला, वर्तमानपत्रवाले यायच्या आधी.

कोनशिलेभोवतीची बटनं काढली, तिथं साधे ब्लॉक भरले. घाटाच्या तोंडाची पट्टी उखडली, बटनं बसवली. वळणालाही बसवली. दीड तास लागला. दीड तास, बस्स. रहीम एरवी रेडिओसारखा चालू असतो. आज जाताना हातोडी पाटीत टाकत एवढंच म्हणाला, “भाऊ, ये काम परसों भी होता था.” माझ्याकडं बघितलं न्हाई.

वर्तमानपत्रवाल्यानं साडेनऊला फोटो काढला. फोटोत सगळं नियमानं.

५ फेब्रुवारी
शेषराव गेला. दुपारी कळलं.

लिहायला बसलो आणि काही सुचेना. मी मारला. असं लिहून बघितलं. आता हे पान फाडावं वाटून राह्यलं. न्हाई फाडत.

६ फेब्रुवारी
त्याच्या मातीला जाऊन आलो. मागंच उभा राह्यलो. लोक म्हणत होते, आंधळ्या माणसानं एकट्यानं फिरावं कशाला. दोघातिघांनी मान हलवली. मीही हलवली असणार. कांताबाईनं मला ओळखलं, उचलून रिक्षात घातलं म्हणून हात जोडले. मला तिथून पळून जावंसं वाटलं, तिचे हात खाली यायच्या आत.

७ फेब्रुवारी
साहेबांच्या केबिनमधी. कागद तयार. “घाटाच्या तोंडाशी इशारा फरश्या उद्घाटनापूर्वीच बसविण्यात आल्या होत्या. सदर व्यक्तीने त्याकडे दुर्लक्ष केले असावे.” खाली साइट सुपरवायझर म्हणून माझं नाव. शेठ खुर्चीत मोबाईल बघत होता. साहेब म्हणाले, अरे, फॉर्मॅलिटी आहे. तुझ्या घरी आंधळा बाप आहे, पोरगी शाळेत आहे, विचार कर. माझ्या बापाचं नाव त्यांनी घ्यायला नको होतं. चिडलो. चिडून सही केली. काय म्हणावं मला.

आणि बाहेर येऊन आधी डोक्यात हेच आलं की सुटलो.

१० फेब्रुवारी
त्या दिवसापासून अण्णा तळ्यावर गेले नव्हते. परत गॅलरी. आज सकाळी आपणहून चप्पल शोधायला लागले. म्हणाले, मला घाटावर ने. मी म्हटलं, गेट ते बाक जाऊ. “घाटावर,” म्हणाले.

नेलं. त्यांनी माझा हात सोडला. पट्टीवरून हळूहळू गेले, मी दोन पावलं मागं. बटनांवर पाय पडला आणि थांबले. वाकून हातानं चाचपलं. नख सांध्यात घातलं, वाळू निघाली, ती बोटांनी चोळली. मंग उजवीकडं, डावीकडं, गुडघ्यावर बसून सगळं चाचपलं. मॉर्निंग वॉकवाले बघत जात होते. मला लाज वाटत होती, आणि कशाची वाटत होती ते मला माहीत होतं.

उठून म्हणाले, “पहिल्या दिवशी तू माझा दंड धरून मला इथंच वळवलंस. तवा पायाखाली रेघा होत्या. सरळ चालल्या होत्या.”

मी पाण्याकडं बघितलं.

“हे कवा बसवलं?”

मी म्हटलं, आधीच होतं अण्णा, तुमच्या लक्षात न्हाई. सत्तर वर्षांच्या आंधळ्या बापाला मी हे म्हटलं. त्यांनी मान डोलावली, जशी अडत्यानं मापात मारलेलं कळल्यावर डोलवायचे. घरी चल म्हणाले.

१२ फेब्रुवारी
कांताबाईनं तक्रार केली. कुणीतरी वकील तिच्या मागं उभा राह्यला. १६ ला सकाळी अकराला चौकशी बसणार, तहसीलमधी. ज्याला कुणाला माहिती असेल त्यानं येऊन सांगावं, अशी नोटीस तळ्याच्या गेटवर लावलीय. शेठ म्हणाला, घाबरू नको, कुणी साक्षीदार न्हाई. बघणारे सगळे पडल्यानंतरचे. आधी तिथं काय फरशी होती ते कोण बघत बसतं?

बरोबर आहे त्याचं. कोण बघतं.

१३ फेब्रुवारी
गेटवरची नोटीस रेखानं अण्णांना वाचून दाखवली. तिला काय माहीत. की माहीत आहे?

संध्याकाळी अण्णांनी मला गॅलरीत बोलावलं, खुर्ची ओढायला लावली. पोरीला आत पाठवलं. आवाज चढवला न्हाई. चढवला असता तर बरं झालं असतं.

म्हणाले, शेषरावनं तुला विचारलं तवा मी शेजारी बसलो होतो. तू बराबर आहे म्हणालास. मंग चार दिवसांनी मला म्हणालास घाटाकडं काम चालू आहे. मला वाचवलंस, त्याला न्हाई.

मी सगळं सांगितलं. फोटो, कोनशिला, बांबू, ब्लॉकचा ढीग, शेठ, साहेब, सही. सांगताना ऐकू येत होतं की मी किती वेळा शेठ म्हणतोय आणि किती वेळा साहेब. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हटलं, अण्णा, सांगणारच होतो त्याला. एकट्याला गाठून.

मंग म्हणाले,

“त्या दिवशी सकाळी त्यानं मला विचारलं, अण्णा, आज पूर्ण चक्कर मारू का? मी म्हटलं, बिनघोर जा. माझ्या पोरानं बांधलाय.”

हे त्यांनी अकरा दिवस पोटात ठेवलं होतं. मी उठून आत गेलो. बाथरूमचा नळ चालू केला.

१४ फेब्रुवारी
कामावर गेलो न्हाई. शेठचे चार मिस्ड कॉल. चौथ्यानंतर मेसेज, नाट्यगृहाच्या कामावर तुलाच घेतोय. एवढा जीव कवापासून आला माझ्यावर.

रेखाला सही केलेलं सांगितलं. ती भांडी घासत होती, घासतच राह्यली. मंग म्हणाली, खरं बोललात तर नोकरी जाईल, केस होईल. न्हाई बोललात तर या घरात अण्णा जेवतील का, तेवढं बघा. काय करा ते मात्र सांगितलं न्हाई. मला तिनं सांगायला हवं होतं. मंग मला म्हणता आलं असतं, तूच म्हणालीस.

अण्णा कालपासून फक्त चहावर.

१५ फेब्रुवारी
आज अण्णांनी दाढी करून घेतली माझ्याकडून. पांढरा सदरा काढायला लावला. उद्या अकराला तिथं जाणार म्हणाले. काय सांगणार तेही सांगितलं. पहिल्या दिवशी पायाखाली काय होतं, दहा तारखेला काय होतं, आणि मी शेषरावला जा म्हणालो. तिन्ही माझ्याच पायाची आणि माझ्याच तोंडाची गोष्ट, म्हणाले. तुझी मी सांगणार न्हाई. ती माझी न्हाई.

मी म्हटलं, आंधळ्याच्या पायाची साक्ष कोण मानणार अण्णा? तुम्हालाच हसतील. म्हणाले, हसू दे.

खरंच हसतील. साहेब फोटो काढून दाखवतील, माझी सही दाखवतील. म्हातारा आहे, लक्षात राहत न्हाई, असं म्हणतील. मीच त्यांना तसं म्हटलंय, मंग ते का म्हणणार न्हाईत. माझी सही आणि माझा बाप समोरासमोर. एकाला खोटं ठरावं लागेल.

तिसऱ्या मजल्यावरचं ऑफिस आहे. जिना अरुंद, लिफ्ट बंद. रिक्षा, जिना, दार, सगळीकडं त्यांना धरून माझ्याशिवाय कोण नेणार? त्यांनाही माहीत आहे. चिडत न्हाईत, विनवत न्हाईत. ते ने म्हणाले तर मी नेईनच, हे धरूनच चाललेत.

जेवायला बसलो. दोन दिवसांनी अर्धी भाकरी खाल्ली त्यांनी. हात धुताना विचारलं,

“मला दारापर्यंत सोडून तू बाहेर थांबणार, का आत येणार?”

मी म्हटलं, सकाळी बघू.

बरं म्हणाले. टॉवेल मागितला.